सूनबाईची पत

पत हा शब्द आपल्या घरांतून पिढ्यान्‌पिढ्या वापरला जातो. परंतु ती नेमकी कोणाची असते, हा प्रश्न फारसा कोणी विचारीत नाहीं. माझ्या लहानपणीं, म्हणजे १९६० नंतरच्या दहा वर्षांत, पुण्यास सदाशिव पेठेंतील एका वाण्याकडे आमचें खातें असे. महिनाभर सामान यावें आणि पहिल्या तारखेस वडिलांनीं पैसे चुकते करावे, असा परिपाठ होता. कोणतें सामान, किती व केव्हां आणावयाचें हें सारें आई ठरवी. वहीवर नांव मात्र आजोबांचें होतें, आणि आजोबा वारल्यावर तेथें वडिलांचें नांव आलें. आईनें त्या वाण्याचा एक पैसाहि कधीं थकूं दिला नाहीं. तरी पण "या बाईंची पत किती?" असें कोणी विचारलें असतें, तर तो भला माणूस गोंधळून गेला असता. पत घराची असते, असेंच त्यानें उत्तर दिलें असतें; आणि त्या काळीं तें खोटेंहि नव्हतें.

हा विचार माझ्या मनांत प्रथम आला तो मात्र पुण्यास नव्हे. अमेरिकेंत ओहायओ राज्यांतील कोलंबस शहराजवळ माझा मुलगा राहतो. त्याच्याकडे मी सहा महिने जाऊन राहिलें होतें, आणि त्या मुक्कामांत एका पेट्रोलच्या कार्डानें हा विचार माझ्यापुढें आणून ठेवला.

तिकडे पेट्रोलास 'गॅस' म्हणतात. "सूनबाई गॅसचें कार्ड मिळविण्याच्या खटपटींत आहे," असें मीं धाकट्या बहिणीस फोनवर सांगितलें, तेव्हां ती काळजीनें म्हणाली, "अगबाई! तिकडेसुद्धां सिलिंडरला नंबर लावावे लागतात का?" तसें कांहीं नाहीं. हें एक क्रेडिट कार्ड असतें. त्यानें पेट्रोल भरलें कीं रकमेचा कांहीं हिस्सा आपल्याला परत मिळतो, अथवा गॅलनमागें कांहीं सेंट कमी पडतात. तेलकंपन्यांनीं आपल्या गिऱ्हाइकांस उधारीचीं कार्डें देण्याची चाल त्या देशांत १९२० नंतरच्या दशकापासूनची आहे. मोटारी रस्त्यावर आल्या आणि त्यांच्या पाठोपाठ हीं कार्डें आलीं, असें म्हटलें तरी चालेल. आज त्यांच्या दोन जाती आहेत. एक त्या त्या कंपनीच्याच पंपावर चालणारें. तें मिळण्यास त्यांतल्या त्यांत सोपें. दुसरें बँकेचें, सर्वत्र चालणारें, पण पेट्रोलावर विशेष मेहेरबान. त्यास अर्जदाराची पत चांगली लागते. सूनबाईच्या मनांत हें दुसरें होतें.

मीं तीस वर्षें शाळेंत गणित शिकविलें आहे. कोणी टक्के म्हटले कीं माझा हात आपोआप पाठकोऱ्या कागदाकडे जातो. सूनबाईस कामावर जावयाचें ठिकाण घरापासून २८ मैल, म्हणजे सुमारें ४५ किलोमीटर. जाऊन येऊन ५६. आठवड्याचे पांच दिवस धरले तर २८० मैल. तिची गाडी गॅलनला २८ मैल चालते. तिकडचा गॅलन पावणेचार लिटरांहून किंचित् अधिक. तेव्हां आठवड्यास १० गॅलन लागले. पेट्रोलचा भाव रोज हलतो. हिशेबाच्या सोयीसाठीं गॅलनला ३ डॉलर धरला, तर आठवड्यास ३० आणि ५२ आठवड्यांस १,५६० डॉलर होतात. त्यावर शेंकडा ३ प्रमाणें परत मिळणार ४६ डॉलर ८० सेंट. शेंकडा ५ देणारें कार्ड मिळालें तर ७८.

चिरंजीवांनीं तो कागद पाहिला आणि हंसून म्हटलें, "आई, अगं पन्नास डॉलरांसाठीं एवढा खटाटोप कशाला? माझं कार्ड आहे ना तिच्याकडे!"

त्याचें कार्ड तिच्याकडे होतें हें खरें. ज्याला आपल्याकडे ॲड-ऑन कार्ड म्हणतात, तसें एक त्यानें तिला पूर्वींच देऊन ठेवलें होतें. पैशांचा हिशेब पाहिला तर त्याचें म्हणणेंहि खोटें नव्हतें. किंबहुना मी त्यांत आणखी भर घातली. अशा कार्डांवरील थकबाकीस वर्षास शेंकडा वीसांहून अधिक व्याज सर्रास असतें. शेंकडा २५ धरलें आणि २०० डॉलरांची बाकी वर्षभर तशीच राहिली, तर चक्रवाढ सोडूनहि व्याज ५० डॉलर झालें. वर्षभराची सारी बक्षिसी त्यांत बुडून वर तीन डॉलर पदरचे गेले. महिन्याचें बिल महिन्यास पुरतें फेडणें ज्यांस जमत नाहीं, त्यांनीं या कार्डाच्या वाटेस जाऊंच नये, असें माझें स्पष्ट मत आहे. 

परंतु सूनबाईचें लक्ष त्या पन्नास डॉलरांवर नव्हतें, हें मला ठाऊक होतें. दोन हिवाळ्यांपूर्वीं घडलेली एक गोष्ट तिच्या मनांतून जात नव्हती. तेथील मराठी मंडळींपैकीं एका गृहस्थांस अकस्मात् मृत्यु आला. पत्नी, दोन शाळकरी मुलें, घर, दोन गाड्या. दिवस उरकल्यावर ती बाई मुलांस शाळेंतून आणावयास निघाली आणि वाटेंत पेट्रोल भरण्यास थांबली. यंत्रानें कार्ड नाकारलें. पुन्हां लावलें, पुन्हां नाकारलें. तें ॲड-ऑन कार्ड होतें. मूळ खातेदार वारल्याचें बँकेस कळलें, तसें खातें बंद झालें व त्याबरोबर तिचें कार्डहि. ॲड-ऑन कार्डाच्या धन्यावर साधारणतः कर्जफेडीची जबाबदारी नसते. पण त्या खात्यावर त्याचा हक्कहि नसतो. बँकेनें नियमाप्रमाणेंच केलें. पण त्या कडाक्याच्या थंडींत पंपापुढें उभें असतां आपण इतकीं वर्षें या संसारांत नेमक्या कोण होतों, असा प्रश्न तिला पडला. हें तिनें स्वतः सूनबाईस सांगितलें होतें. पुढें स्वतःच्या नांवाचें कार्ड मिळविण्यास तिला पहिल्या पायरीपासून आरंभ करावा लागला.

मीं चिरंजीवांस एवढेंच म्हटलें, "अरे, तुझं कार्ड आहे म्हणूनच तिला तिचं हवं." त्यावर तो कांहीं बोलला नाहीं, पण दुसऱ्या दिवशीं सूनबाईच्या शेजारीं बसून त्यानेंच तिला अर्ज भरण्यास मदत केली.

आतां ही सूनबाई म्हणजे कोण, हें सांगितलें पाहिजे. वय छत्तीस. सूक्ष्मजीवशास्त्रांतील एम्. एस्सी. लग्नानंतर नवऱ्याच्या मागोमाग ती एच-४ व्हिसावर तिकडे गेली. या व्हिसावर राहतां येतें, शिकतां येतें, गाडी चालवितां येते. नोकरी करतां येत नाहीं. २०१५ पासून अशांपैकीं कांहीं जोडीदारांस, मुख्य व्हिसाधारकाचा ग्रीन कार्डाचा अर्ज ठराविक पायरीपर्यंत पोंचला असेल तर, कामाचा परवाना मिळूं लागला. तो मिळाला म्हणजे सोशल सिक्युरिटी नंबर मिळतो. आणि तेथील जगांत तो नंबर म्हणजेच माणूस. सूनबाईस हा परवाना गेल्या वर्षीं मिळाला आणि एका महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेंत अर्ध्या वेळेचें काम ती करूं लागली. पण त्यापूर्वींच्या सात वर्षांत तिनें जो संसार केला, दूध-भाजीपासून मुलांच्या फीपर्यंत जे व्यवहार सांभाळले, त्यांची नोंद तिच्या नांवावर कोठेंच झाली नाहीं. नवऱ्यानें दिलेल्या ॲड-ऑन कार्डावर तिचा नंबर नव्हताच. आणि डेबिट कार्डानें केलेला खर्च पतीच्या, म्हणजे नवऱ्याच्या नव्हे तर उधारीच्या, वहींत धरीत नाहींत.

अर्जांत वार्षिक उत्पन्न विचारतात. येथें एक गोष्ट वाचकभगिनींनीं ध्यानांत ठेवण्यासारखी आहे. अमेरिकेंत १९७४ सालच्या समान पत-संधीच्या कायद्यापूर्वीं विवाहित स्त्रीनें कर्ज किंवा कार्ड मागितलें तर तिला नवऱ्याची सही आणावयास सांगितलें जाई. त्या कायद्यानें लिंगावरून व विवाहावरून असा भेद करण्यास बंदी केली. पुढें २००९ सालीं क्रेडिट कार्डांचा कायदा झाला. विद्यार्थ्यांच्या गळ्यांत न झेपणारीं कार्डें मारूं नयेत, हा त्याचा एक चांगला हेतु होता. पण त्याखालीं २०११ सालीं आलेल्या नियमांत अर्जदाराच्या स्वतंत्र उत्पन्नावर इतका भर होता कीं घरीं राहणाऱ्या गृहिणीच त्यांत अडकल्या. ओरड झाली, आणि २०१३ सालीं नियम बदलला: अर्जदार एकवीस वर्षांचा वा अधिक वयाचा असेल, तर ज्या उत्पन्नावर त्याचा रास्त हात आहे तें, म्हणजे जोडीदाराचें उत्पन्नसुद्धां, त्यास दाखवितां येतें. आमच्या आईचा वाण्याच्या वहीवरचा हक्क कोणी असा कागदावर लिहून दिला असता, तर तिला काय वाटलें असतें कोण जाणे!

तेव्हां उत्पन्नाची अडचण नव्हती. तरीहि अर्ज नामंजूर झाला.

नामंजुरीचें पत्र आलें, कारण तें देणें तेथें कायद्यानें बंधनकारक आहे. अर्ज पुरा झाल्यापासून ३० दिवसांच्या आंत बँकेनें निर्णय कळवावा लागतो, आणि नकार असेल तर कारणें सांगावीं लागतात वा तीं मागण्याचा हक्क कळवावा लागतो. बँकेचें नांव सांगण्याचें प्रयोजन नाहीं; दुसरीनेंहि तेंच केलें असतें. कारण एका ओळीचें होतें: पतीचा पुरेसा इतिहास नाहीं. अशा नकारानंतर ६० दिवसांत आपल्या पत-नोंदीची प्रत फुकट मागतां येते. सूनबाईनें ती मागविली. तेव्हां या नांवाची नोंदच आमच्याकडे नाहीं, असें उत्तर आलें. कोणाची दमडी न बुडविलेली ती बाई तो कागद हातांत घेऊन बराच वेळ स्वयंपाकघरांत उभी होती. मग म्हणाली, "अहो आई, कर्जबुडव्याची निदान नोंद तरी असते!"

ही नोंद ठेवणाऱ्या तेथें तीन मोठ्या संस्था आहेत: एक्विफॅक्स, एक्स्पेरियन व ट्रान्सयुनियन. त्यांतील पहिलीचा उगम १८९९ सालीं अटलांटा शहरीं झाला, आणि ती काढणाऱ्या बंधूंपैकीं केटर वुलफर्ड हा मूळचा किराणा व्यापारांतला. कोणतें गिऱ्हाईक पैसे वेळेवर देतें, याची यादी त्यानें आधीं वाण्यांसाठीं केली होती. हें वाचून मला सदाशिव पेठ आठवली. वाणी तोच, वहीहि तीच. फरक एवढाच कीं त्याची वही सर्व देशास वाचावयास मिळाली. या नोंदींवरून तीन आंकडी गुण काढतात. फेअर आयझॅक नांवाच्या कंपनीनें १९८९ पासून रूढ केलेली ही रीत ३०० ते ८५० पर्यंत गुण देते. शंभरांपैकीं ३५ हिस्से वेळेवर फेडीस, ३० मर्यादेच्या मानानें किती उधारी उचलली यास, १५ नोंद किती जुनी यास. उरलेले दहा-दहा नव्या अर्जांस व उधारीच्या विविधतेस. सहा महिन्यांचें निदान एक खातें असल्याशिवाय गुण निघतच नाहीं. भारतांतहि सिबिलचे ३०० ते ९०० गुण आहेत. पण एका देशाचे गुण दुसऱ्या देशाच्या वहींत साधारणतः जात नाहींत. आमच्या घरच्या कर्जाचे हप्ते आम्ही वीस वर्षें तारखेस भरले, त्याचें पुण्य ओहायओमध्यें शून्य!

ज्याला नोंद नाहीं त्याला उधार मिळत नाहीं, आणि उधार मिळाल्याशिवाय नोंद होत नाहीं. या कोड्यांतून बाहेर पडण्याचा मार्ग म्हणजे ठेवीवरचें कार्ड. आपलेच २०० डॉलर बँकेकडे ठेवावयाचे आणि तेवढ्याच मर्यादेचें कार्ड घ्यावयाचें. स्वतःचेच पैसे ओलीस ठेवून स्वतःलाच उसने मागावे, हा प्रकार मला प्रथम हास्यास्पद वाटला. पण शाळेंत आम्हीहि मुलांकडून पाढे म्हणवून घेतों, ते कांहीं आम्हांला येत नाहींत म्हणून नव्हे.

जून महिन्यांत तें कार्ड आलें. त्याची खरी परीक्षा पंपावरच झाली. न्यू जर्सींत, जेथें आपली मराठी मंडळी पुष्कळ आहेत, १९४९ सालच्या कायद्यानें पेट्रोल स्वतः भरण्यास बंदी आहे. पंपावरचा माणूसच भरून देतो. ओहायओंत सर्व आपणच करावयाचें. कार्ड लावलें कीं यंत्र पुष्कळदां राहत्या भागाचा पांच आंकडी झिप कोड विचारतें. माझें पुण्याचें कार्ड तेथें निरुपयोगी ठरलें, कारण आपला पिन कोड सहा आंकडी! सूनबाईचें कार्ड चाललें. ३० डॉलरांचें पेट्रोल भरून आम्ही निघालों. संध्याकाळीं धाकट्याचें औषध घेण्यास गेलों, तर दुकानांत तेंच कार्ड नाकारलें गेलें. मागें रांग, हातांत औषध, आणि सूनबाईचा चेहरा उतरलेला. मग उलगडा झाला. पेट्रोल भरण्यापूर्वीं, गिऱ्हाईक किती भरील हें ठाऊक नसल्यामुळें, पंप अंदाजानें मोठी रक्कम अडकवून ठेवतो. ती १७५ डॉलरांपर्यंत असूं शकते, आणि खरा आंकडा बँकेंत पोंचून ती सुटेपर्यंत कधीं कांहीं तास, कधीं अधिकहि जातात. हजारांच्या मर्यादेवर हें कोणास कळतहि नाहीं. २०० च्या मर्यादेवर सारी पत त्या एका पंपापाशीं गहाण पडते. त्या दिवसापासून ती आंत काउंटरवर जाऊन "तीस डॉलरांचें" असें सांगून आगाऊ पैसे देऊं लागली. तसें केलें म्हणजे सांगितली तेवढीच रक्कम लागते.

दुसरा एक बारकावा तिनें स्वतः शोधून काढला. महिन्यास चार वेळां पेट्रोल म्हणजे १२० डॉलर. २०० च्या मानानें शेंकडा ६०. हें प्रमाण तिसांच्या आंत ठेवावें, असा तेथील जाणत्यांचा सल्ला असतो. म्हणून ती बिलाची तारीख येण्यापूर्वींच बहुतेक पैसे भरून टाकी, आणि बिलावर तिसांच्या आसपास बाकी राही. गणिताच्या शिक्षिकेस याहून गोड दृश्य कोणतें!

नांवाचाहि एक घोळ होता. पासपोर्टावर तिचें माहेरचें नांव, नवऱ्याबरोबरच्या संयुक्त बँकखात्यावर सासरचें. आपल्याकडे लग्नानंतर बाईचें मधलें नांव व आडनांव बदलतें. पूर्वीं तर स्वतःचेंहि नांव बदलत. समाज सगळीं नांवें ओळखतो, म्हणून आपलें चालून जातें. पण तिकडची वही एका नांवाची, एका नंबराची. कोणतें नांव कायम करावयाचें, असा प्रश्न आला, तेव्हां सूनबाईनें जरा संकोचानें माझ्याकडे पाहिलें. सोशल सिक्युरिटीच्या कार्डावर माहेरचेंच नांव होतें. मी म्हटलें, "जे नांव नंबराजवळ आहे तेंच सगळीकडे ठेव." बँकखात्यावरील नांव तिनें बदलून घेतलें. याबद्दल आमच्या नात्यांत एक-दोघांनीं भुंवया उंचावल्या. त्यांस मीं त्या पंपापुढच्या बाईची हकीकत सांगितली.

ऑक्टोबरांत मी परत आलें. डिसेंबरांत सहा महिने पुरे झाले आणि पहिला गुण निघाला: ६९०. नव्या प्रत्येक अर्जाची चौकशी नोंदींत दोन वर्षें दिसते व गुण थोडे कापले जातात, म्हणून तिनें उगाच दहा ठिकाणीं अर्ज केले नाहींत. आपली निवड होण्याचा संभव आहे कीं नाहीं हें गुणांस धक्का न लावतां कित्येक बँका आधीं सांगतात. तें पाहून संक्रांतीच्या सुमारास तिनें एकच अर्ज केला. मंजुरी लगेच आली. मर्यादा एक हजार डॉलर, पेट्रोलावर शेंकडा ३. मात्र मोठ्या किराणा-भांडारांच्या आवारांतील पंप त्यांत धरीत नाहींत, ही बारीक अक्षरांतील अट तिनें मला फोनवर वाचून दाखविली.

परवां रविवारीं पुन्हां फोन झाला. पहिलें बिल १२१ डॉलरांचें आलें आणि तिनें तें त्याच दिवशीं पुरतें भरलें. चिरंजीवांच्या कार्डावर पेट्रोलास शेंकडा एकच मिळतो. तेव्हां त्यांनीं आतां तिच्याकडे तिच्या खात्यावरचें ॲड-ऑन कार्ड मागितलें आहे. सूनबाईनें अद्याप उत्तर दिलेलें नाहीं. आधीं सहा महिने त्यांचें वर्तन पाहीन, असें ती म्हणते.